ओढणारी दणकट हवी!



मागच्या खेपेला मी डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावं ते लिहिलं होतं. या खेपेला विषय ऐकून तुम्ही हसाल. जुनी मोटार कशी विकत घ्यावी, आणि तीसुद्धा मागे चाकांवरचं घर ओढायला! “बाई, आमच्या दारात स्कूटर लावायला जागा नाही आणि तुम्ही हे काय काढलंत?” असं कुणी म्हणालंच तर तिनं जरा दम धरावा. एक तर आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आज परदेशात संसार करताहेत. त्यांचे प्रश्न रात्री फोनवरून आपल्याच कानांवर येतात. दुसरं म्हणजे, जुनी वस्तू पारखून घेण्याचे नियम इथूनतिथून सारखेच असतात.

माझी धाकटी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका गावात राहते. मी तिच्याकडे तीन महिने होते. नातू आठ वर्षांचा आहे. गुणी आहे, पण त्याला बदल सोसत नाही. ताट बदललं, उशी बदलली की तो बिथरतो. डॉक्टरांनी त्याला स्वमग्न असं नाव दिलं आहे. नावानं काही बिघडत नाही म्हणा, पण आठ वर्षांत हे तिघं कुठे चार दिवस धड गेले नव्हते. दोनदा हॉटेल घेतलं. दोन्ही वेळा पोरगं रात्रभर रडलं आणि पहाटे सामान बांधून ही मंडळी घरी परतली. लेक म्हणाली, “आई, आता आम्ही जाणंच सोडलंय.” तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला गलबलून आलं.

शेजारी एक निवृत्त इंग्रज जोडपं होतं. त्यांच्या दारात कॅरॅव्हान उभी असायची. कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, मोटारीच्या मागे जोडून ओढायची. आत दोन बाक असतात, रात्री त्यांचे पलंग होतात. गॅसची शेगडी, मोरी, छोटं फ्रीज, सगळं बेतशीर. एका दुपारी नातू खेळता खेळता आत गेला आणि खिडकीशी निजला. दोन तास! आजोबांनी त्याला उठवू दिलं नाही. मग लेकीच्या लक्षात आलं की गाव कुठलंही असो, या खोलीतली चादर तीच, खिडकी तीच आणि उशीही तीच राहील. त्या जोडप्याला आता गाडी चालवणं होत नव्हतं. त्यांनी ती वाजवी किमतीत यांना दिली.

म्हणजे गाडा दारात आला, बैल अजून बाजारात! यांची आधीची मोटार चिमुकली होती, तिच्यानं हे होणारं नव्हतं. जुनी पण दणकट गाडी बघायची ठरली. हाताशी आठ हजार पौंड होते, आणि तेही दोघांनी तीन वर्षं बाजूला टाकलेले.

जावयांना पहिल्याच दिवशी एक लाल गाडी आवडली. उंच, चकचकीत, आणि मागे कॅरॅव्हान जोडायचा लोखंडी आकडा आधीच बसवलेला. त्याला तिकडे टो-बार म्हणतात. विकणारा म्हणाला, “आकडा आहे म्हणजे ओढणारच. आज आगाऊ रक्कम भरलीत तर धरून ठेवतो.” जावई खिशात हात घालणार, तेवढ्यात लेक म्हणाली, “घरी जाऊन विचार करू.” चेहरे पडले. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. मीही गप्प. सासूनं कुठे बोलावं आणि कुठे बोलू नये हे आपल्याला शिकवायला का हवं?

रात्री लेक स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल घेऊन बसली. तिनं दुपारी त्या लाल गाडीच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी मोबाईलवर टिपून आणली होती. ही पट्टी प्रत्येक मोटारीला असते, दाराच्या चौकटीत नाहीतर बॉनेटखाली. तिच्यावर वजनाचे चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरा म्हणजे गाडी अधिक मागचं ओझं मिळून जास्तीत जास्त वजन. तिसरा-चौथा पुढच्या आणि मागच्या आसाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी मागे किती ओढू शकते ते कळतं. लाल गाडीचा पहिला आकडा होता 1740 किलो आणि दुसरा 2740. वजाबाकी तुम्हीच करा, एक हजार. आणि कॅरॅव्हानच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलं होतं, सामानासकट जास्तीत जास्त 1300 किलो!

म्हणजे आकडा बसवलेला असूनही ती गाडी ही कॅरॅव्हान कायद्यानं ओढूच शकत नव्हती. आकडा काय, सायकल टांगायलासुद्धा बसवतात. काही गाड्यांच्या पट्टीवर तो दुसरा आकडाच नसतो. तसं असलं तर ती गाडी मागे काही ओढण्यासाठी नाहीच, असं समजायचं. काही विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांना कंपनीची ओढण्याची परवानगी नसते, आणि काहींना चांगली दीड-दोन टनांची असते. म्हणून दिसण्यावर आणि विकणाऱ्याच्या जिभेवर जायचं नाही. पट्टी वाचायची.

जावई म्हणाले, “थोडंफार जास्त झालं तर काय होतंय? हळू चालवीन.” तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. जावयांचे आजोबा शेतकरी, दारात बैलजोडी होती, हे मला ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, “अहो, तुमच्या आजोबांनी वासरं जुंपून उसाची गाडी कधी उताराला घातली असती का?” ते हसले. म्हणाले, “नाही हो आई. ओढायचं सोडाच, मागून गाडीच वासरांना ढकलत नेईल.” झालं! बरोबर तेच. चढावर ओझं ओढता येणं हा अर्धाच भाग. उतारावर, वळणावर, आडव्या वाऱ्यात मागचं ओझं पुढच्याला हलवायला लागलं तर आवरायची ताकद हवी. ती ताकद पुढच्याच्या वजनातून येते.

म्हणून तिकडे कॅरॅव्हानवाल्यांचा एक ठोकताळा आहे, पंच्याऐंशी टक्क्यांचा. भरलेल्या कॅरॅव्हानचं वजन मोकळ्या मोटारीच्या वजनाच्या शेकडा 85 च्या आत असावं. हा कायदा नव्हे, शहाण्यांचा सल्ला आहे, आणि नवशिक्यांनी तो पाळावाच असं जाणते सांगतात. मुरलेला चालक थोडा पुढे जातो, पण कॅरॅव्हान मोटारीपेक्षा जड कधीच नसावी. आपल्या हिशोबात 1300 ला 0.85 नं भागलं तर येतात 1529. म्हणजे मोटार मोकळी असताना निदान 1530 किलोची हवी. लाल गाडी जेमतेम 1250 ची होती. विषय संपला. आणि एक सांगते, तो हिशोब लेकीनं कुणाला खोटं पाडायला केला नव्हता. मागच्या सीटवर कोण बसणार, हे तिच्या डोळ्यांपुढे होतं.

दुसरी गाडी डिझेलची, मोठी, वजनाला भारी. किंमतही बेतातली. पण तिकडे एक फार चांगली सोय आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सरकारमान्य तपासणी करावी लागते. तिला एमओटी म्हणतात. त्या तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकट बघता येतात. कधी काय नापास झालं, कुठे गंज दिसला आणि त्या दिवशी गाडी किती मैल चालली होती, सगळं! लेकीनं नंबर टाकला. एका वर्षी 81 हजार मैल, आणि पुढच्या वर्षी 64 हजार. गाडी काय उलटी चालली? कुणीतरी काटा मागे फिरवलेला. तिथूनच रामराम केला.

तिसरी एका शिक्षिकाबाईंची. सात वर्षांची डिझेल इस्टेट. इस्टेट म्हणजे लांब पाठीची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. ओढणाऱ्यांत अशा गाड्या वर्षानुवर्षं आवडत्या आहेत. उंच नसल्यामुळे डुलत नाहीत, आणि मागचा आस कॅरॅव्हानच्या आकड्यापासून फार लांब नसला तर गाडी सरळ धरते. मोकळं वजन 1580 किलो. पट्टीवर 2150 आणि 3750, म्हणजे ओढ 1600 ची. आपली 1300 ची कॅरॅव्हान म्हणजे शेकडा 82. हिशोब बसला!

पण नुसत्या हिशोबावर भाळायचं नाही. वांगं टपोरं दिसलं तरी आपण देठाशी कीड बघतोच ना? शेजारचे आजोबा बरोबर आले होते. त्यांनी काय काय बघितलं ते मी वहीत लिहून घेतलं. तेच इथं देते.

एक, इंजिन गार असताना सुरू करून बघावं. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर ‘का बरं?’ असं विचारावं.

दोन, क्लच. ओढणाऱ्या गाडीचा पहिला बळी हाच. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज चढला पण गाडीनं वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. चढावर थांबून पुन्हा निघून बघावं. करपल्यासारखा वास आला तर खर्च दाराशी आलाच.

तीन, इंजिन थंड करणारं पाणी. ओझं ओढताना इंजिन तापतं. पाण्याची पातळी, त्याचा रंग, पाइपांची गळती आणि अर्धा तास चालवल्यावर उष्णतेचा काटा बघावा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर नमस्कार करून निघावं.

चार, टायमिंगचा पट्टा. पुष्कळ इंजिनांत तो रबरी असतो आणि ठराविक वर्षांनी किंवा मैलांनी बदलावा लागतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचंच वाटोळं होतं. ‘बदललाय’ हे तोंडी चालत नाही, पावती हवी. बाईंनी पावती फाइलमधून काढून दाखवली. मला ती बाई तिथंच आवडली!

पाच, टायर. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकोनात असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल आहे पण रबर जुनं होऊन तडकलंय, असं फार असतं. आणि हो, कॅरॅव्हानचे टायरही असेच बघावेत. ती वर्षभर उभी असते, त्यामुळे त्यांची नक्षी झिजत नाही, पण रबर वाळतं.

सहा, आकडा आधीच असेल तर खाली वाकून बघावं. तो गंजलाय का, मागची स्प्रिंग बसलीय का, दिव्यांची वायर जोडायची जागा धड आहे का? कॅरॅव्हानचे ब्रेकचे आणि वळण्याचे दिवे मोटारीच्याच विजेवर चालतात. आकडा नसेल तर बसवायचा खर्च आधीच किमतीत धरावा.

सात, कागद. तिकडे गाडीचं नोंदणीपुस्तक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. त्या पैशांची कसर करू नये.

डिझेलच का, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले की डिझेलला कमी फेऱ्यांतच ओढ मिळते, इंजिनाला किंचाळावं लागत नाही. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. रोज फक्त शाळा आणि वाणी एवढीच फेरी मारली तर ती तुंबते आणि बदलायला भारी पडते. अधूनमधून लांब पल्ल्याची दौड हवी. शिवाय लंडनसारख्या शहरात जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. डिझेल गाडी साधारण सप्टेंबर 2015 नंतर नोंदलेली असली तर सहसा त्यातून सुटते. जिथं राहायचं तिथले नियम बघूनच घ्यावी.

गाडी सात हजार चारशेला ठरली. उरलेले सहाशे दोन टायरांना आणि आकड्याला लागले. एक पौंड उरला नाही, पण कर्जही झालं नाही.

आता सामान भरण्याची गंमत सांगते, कारण इथं आपलं घरकामाचं डोकं उपयोगी पडलं. बैलगाडीत मागे फार भरलं की ती उलाळ होते, पुढून उचलली जाते. पुढे फार भरलं की बैलांच्या मानेवर ओझं येतं. कॅरॅव्हानचंही अगदी तसंच. तिचं तोंड मोटारीच्या आकड्यावर किती भारानं टेकावं, तर तिच्या वजनाच्या शेकडा पाच ते सात. म्हणजे 1300 ला 65 ते 91 किलो. पण मोटारीची मर्यादा 80 ची होती, तेव्हा 75 धरले. मोजायचं कसं? घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर बरोबर उंचीचा लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्यावर कॅरॅव्हानचं तोंड टेकवायचं. काटा बोलतो! पहिल्यांदा 48 आले, कारण मी पिठाचे आणि तांदळाचे डबे मागच्या कपाटात लावले होते. ते मधे, चाकांच्या वर, खाली जमिनीशी आणले. जड ते मधे आणि खाली, हलकं ते वर. फडताळ लावताना आपण करतो तेच. मागे जड राहिलं तर वेगात कॅरॅव्हान सापासारखी वळवळायला लागते. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, हे आजोबांनी दोघांकडून तीन-तीनदा वदवून घेतलं.

दोघांकडून, हे मुद्दाम लिहिलं. 1997 नंतर परीक्षा दिलेल्यांना तिकडे जड कॅरॅव्हान ओढायला वेगळी परीक्षा लागत असे. 16 डिसेंबर 2021 पासून ती गेली, मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंत ओढता येतं. तेव्हा लेकीनंही हक्कानं स्टिअरिंग हातात घेतलं. मोठ्या मैदानात दोन रविवार मागे घेण्याचा सराव केला. वेगाची मर्यादाही वेगळी असते. साध्या रस्त्यावर ताशी 50 मैल, महामार्गावर 60, आणि तीन पदरी महामार्गावर अगदी उजव्या पदरात जायचं नाही. कॅरॅव्हान चालू असताना आत माणसानं बसायचं नाही, तो तिथं गुन्हा आहे. यॉर्कशरमधल्या सटन बँक नावाच्या घाटात तर कॅरॅव्हानना बंदीच आहे, चार फुटाला एक फूट चढ! म्हणून रस्ता आधी नकाशावर बघून घ्यायचा.

पहिली सफर वेल्सच्या किनाऱ्यावर झाली. दीडशे मैलांना साडेपाच तास लागले. मागून भोंगे वाजत होते, वाजू दिले. रात्री पाऊस पत्र्यावर वाजायला लागला तशी लेक दचकून उठली. मीही. नातवानं डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं, उशी चाचपली आणि कूस बदलून झोपला. लेक अंधारात किती तरी वेळ तशीच बसून होती. मी काही विचारलं नाही.

आता आपल्याकडचं. इथंही जुनी गाडी घेणाऱ्या घरांनी यातलं पुष्कळ उचलावं. टायरचे चार आकडे, गार इंजिन, क्लचचा चढ आणि पावत्यांची फाइल या सगळ्या गोष्टी इथंही लागू आहेत. पावसाळ्यानंतर घेताना गालिचा उचलून खाली गाळ किंवा गंज आहे का ते बघावं. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. नोंदणी पुस्तिकेवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र मागावं. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ते सही करून नुसते कपाटात ठेवू नयेत, आरटीओत पोचवावेत. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा. जुन्या मालकाची नो-क्लेमची सवलत आपल्याला मिळत नाही, तेव्हा तो पैसा किमतीत धरू नये.

आणि शेवटचं. गाडीचा व्यवहार हा पुरुषांचा, असं समजून आपण चहा ठेवायला आत जातो. जाऊ नका. इंजिनातलं कळत नसेल, पण वजाबाकी तर येते ना? पावती मागता येते, ‘उद्या सांगते’ असं म्हणता येतं. माझ्या लेकीनं याहून जास्त काही केलं नव्हतं.

पुढच्या खेपेला लोणच्याला बुरशी का येते ते बघू. तोवर तुमच्या शंका जरूर कळवा.